पुढच्यास ठेच

मुलांनो, जिंतूरहून चारठाण्यास परतताना एकदा माझी मोटारसायकल घसरली. शिरस्त्राण जवळ होते, परंतु आरशास टांगलेले! ‘गाव तर आलेच’ या विचाराने घात केला. कपाळावरचा व्रण त्याची साक्ष देतो.

१९३५ साली इंग्लंडात लॉरेन्स हा नामवंत लेखक अशाच अपघातात मृत्यू पावला. त्याचेही मस्तक उघडेच होते. त्याच्यावर उपचार करणाऱ्या ह्यू केर्न्स या शल्यविशारदाने पुढे अशा दुखापतींचा अभ्यास करून १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व दाखवून दिले.

शिरस्त्राण घालणे हा भित्रेपणा नव्हे. रणांगणावरील वीरही ते धारण करीत. मोडलेले हाड सांधते, मेंदूची हानी सहसा भरून येत नाही. म्हणून वडील गाडी काढतील तेव्हा त्यांना आठवण द्या, आणि स्वतःही शिरस्त्राण घालून पट्टा आवळा. पुढच्यास ठेच लागली आहे. मागच्याने शहाणे व्हावे.