आधी शेताचे देणे, मग हायड्रोजन

अणदूरच्या शिवारात ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी उरकते, जानेवारी-फेब्रुवारीत तुरीची. मळणीयंत्र पुढच्या रानात गेले की मागे भुसकटाचा ढीग आणि तुराट्यांच्या मोळ्या उरतात. जैवभारापासून हायड्रोजन तयार करू पाहणारे आपण सारे या ढिगाला ‘टाकाऊ’ म्हणून मोकळे होतो. पण तुराट्या चुलीत जातात, भुसकट जनावरांपुढे पडते आणि जे रानात कुजते ते जमिनीचा सेंद्रिय कर्ब राखते. आपण उचलू त्या प्रत्येक टनाला आधीच कोणी तरी वाली असतो.

तंत्र हाताशी आले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एस. दासप्पा यांच्या गटाने प्राणवायू व वाफ वापरून वायूकरण केले आणि किलोभर जैवभारातून १०० ग्रॅम हायड्रोजन मिळवून दाखवला. त्या किलोत मुळात हायड्रोजन असतो जेमतेम ६० ग्रॅम. बाकीचा वाफेतून येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सेंटिएंट लॅब्जबरोबर जिवाणूंची वाट धरली. तिथे भात, गहू, मक्याच्या अवशेषांतून पहिल्या टप्प्यात हायड्रोजन निघतो, दुसऱ्यात मिथेन.

अणदूरला कोणती वाट सोयीची? तुराटी कोरडी आणि लाकडासारखी. तिच्यातले लिग्निन जिवाणूंना पचत नाही, म्हणून तिला वायूकरणच. साखर कारखान्याच्या ओल्या प्रेसमडला मात्र जिवाणूच बरे. दोन्हींच्या मागे उरणारे सारखे नसते. वायूकरणात नत्र वायूबरोबर निघून जातो, राखेत पालाश आणि स्फुरद राहतात. जिवाणूंच्या टाकीतल्या स्लरीत तिन्ही टिकतात. चक्रीय अर्थव्यवस्थेचा खरा हिशेब इथे लागतो.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ठरलेल्या निकषात जैवभाराचा हायड्रोजनही ‘हरित’ मानला गेला. अभियानाच्या पहिल्या निविदेत जैवभारापासूनच्या हायड्रोजनसाठी वर्षाला ४०,००० टन राखून ठेवले होते. वाटप झाले अवघ्या २,००० टनांचे. आमच्या मते खरी अडचण भट्टीपेक्षा पुरवठ्याची आहे. दिवसाला एक टन हायड्रोजन हवा, तर बंगळुरूच्या प्रमाणाने रोज दहा टन कोरडा माल लागेल; ३०० दिवसांना ३,००० टन. तो हाती येणार दोन सुगींच्या मोजक्या आठवड्यांत. परतीच्या पावसात भिजलेले भुसकट भट्टीच्या कामाचे राहत नाही, आणि आगपेटीच्या एका काडीने वर्षाचा साठा जाऊ शकतो.

म्हणून प्रत्येक प्रकल्प अहवालात तीन कलमे असावीत. गावातील चूल, दावण आणि जमीन यांचा वाटा वजा करूनच कच्चा माल मोजावा. माल ज्या गटातून उचलला त्याच गटात राख वा स्लरी तपासून, वाहतूकखर्चासह परत द्यावी. तुराट्या विकणाऱ्या घराला पर्यायी इंधन परवडेल इतका भाव करारात लिहावा.

या कलमांनी प्रकल्प लहान होतील, पण पाचव्या वर्षीही शेतकरी माल देत राहील. ही कलमे नसलेल्या अहवालावर आपल्यापैकी कोणीही सही करू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.