हवाई टॅक्सी : यंत्रापेक्षा नियोजन अवघड

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये हवाई टॅक्सींच्या तळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तथापि, खरी कसोटी यंत्राची नसून नियोजनाची आहे. सातारा-सांगली हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ११० किलोमीटर. अमेरिकेतील जॉबी कंपनीच्या विजेवरील विमानाचा पल्ला सुमारे १६० किलोमीटर सांगितला जातो. म्हणजे परतीपूर्वी बॅटरी भरणे अटळ. सर्व टॅक्सी सांगलीत आणि प्रवासी साताऱ्यात, अशी स्थिती उद्भवल्यास रिकाम्या फेरीचा भुर्दंड तिकिटावरच पडणार. कोणता तळ मोकळा, कोणती फेरी पावसामुळे रद्द करायची, हे ठरविणारा नियंत्रण कक्षच या व्यवसायाचा कणा होय.

जर्मनीतील लिलियम व व्होलोकॉप्टर या कंपन्यांवर २०२४ मध्येच दिवाळखोरीची वेळ आली. इकडे कवलापूरची धावपट्टी पडून आहे आणि कराडहून नियमित प्रवासी सेवा नाही. २०१९ च्या महापुरात सांगली पाण्याने वेढली गेली होती. अशा वेळी पहिली फेरी रुग्णाला की जादा भाडे मोजणाऱ्याला, याचा नियम टॅक्सी येण्यापूर्वीच शासनाने ठरविला पाहिजे. अन्यथा हे आकाशही मूठभरांचेच राहील.