पिशवी काढू नका, खाडा बंद करा

औंढा नागनाथ परिसरातून ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींनो, अंगावरून पांढरे जाणे किंवा पाळीचा त्रास म्हणजे लगेच गर्भपिशवी काढणे नव्हे. बहुतेकदा तपासणी आणि गोळ्यांनी भागते. पिशवीसोबत बीजांडेही काढली, तर हाडे लवकर ठिसूळ होतात.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. का? आजारपणात दिवस बुडाला की मुकादम खाडा, म्हणजे दंड, कापतो. कारखाने म्हणतात, करार मुकादमाशी आहे.

माझ्या मते ऊस कारखान्याचा, तर तो तोडणारीही कारखान्याचीच कामगार. कारखान्यांनी खाडा बंद करावा आणि फडाजवळ पाणी, शौचालय द्यावे. तुम्हीही तपासणीआधी ऑपरेशनला होकार देऊ नका.