माजी सैनिकाचे औषधपाणी

गणवेश उतरल्यावर सैनिकाला पेन्शन मिळते. पण लष्करी इस्पितळ मात्र दूर राहते. दमणगंगेच्या काठी, सिल्वासाला येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबाला हे अंतर विशेष जाणवते. ही उणीव भरून काढण्यासाठी १ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. पेन्शनधारकाने वर्गणी एकदाच भरावयाची. युद्धविधवांना तीही माफ. आधी योजनेच्या दवाखान्यात तपासणी, तेथील चिठ्ठीवर मान्यताप्राप्त इस्पितळात उपचार, आणि बिल ठरलेल्या दराने सरकारने भागवावयाचे, अशी ही व्यवस्था आहे.

ती परवडते काय? महालेखापरीक्षकांनी २०१५च्या अहवालात अवाजवी बिले व औषधांची टंचाई यांवर बोट ठेवले होते. आम्हांस वाटते, खरा हिशेब येथेच आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर न मिळाल्याने वाचलेला पैसा ही बचत नव्हे. उद्या मूत्रपिंड निकामी झाले, की सरकारी तिजोरीला तो कितीतरी पटींनी मोजावा लागतो. शिवाय दवाखान्याच्या खेपांचे गाडीभाडे आणि बुडालेली रोजी कोणत्याच सरकारी वहीत चढत नाही.

म्हणून वाचकहो, आपल्या शेजारी एखादी सैनिकाची विधवा असेल, तर तिचे कार्ड तयार आहे ना, एवढे अवश्य विचारा. आणीबाणीत योजनेबाहेरच्या इस्पितळात जावे लागले, तर ४८ तासांच्या आत योजनेच्या दवाखान्यास कळवावे लागते, हेही तिला सांगून ठेवा. बिल वाचल्यावाचून सही करू नये. जागरूक कुटुंबामुळेच योजना स्वस्त पडते.