खंडणी, कट आणि पुरावा

खंडणीसाठी मूल पळवले गेले की दुसऱ्याच दिवशी 'फाशी द्या' ही मागणी उठते. लोकांचा संताप स्वाभाविक आहे. परंतु फाशीची तरतूद कायद्यात कधीपासूनच आहे. १९९३ साली भारतीय दंडविधानात कलम ३६४-अ घालण्यात आले आणि १ जुलै २०२४ पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४०च्या दुसऱ्या पोटकलमात मोडतो. शिक्षा मृत्यू किंवा जन्मठेप. त्याखाली पायरी नाही. तेव्हा उणीव शिक्षेची नसून तपासाची आहे, आणि ती झाकण्यासाठी 'कट' हा शब्द फार सोयीचा पडतो.

तेलंगणातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२१ रोजी या कलमाची फोड केली. पळवून नेणे किंवा डांबणे, जिवाची वा इजेची धमकी किंवा तशी रास्त भीती वाटावी असे वर्तन, आणि खंडणीसाठी सक्ती, या सर्व गोष्टी सिद्ध झाल्या पाहिजेत. त्या प्रकरणात अपहरण आणि पैशांची मागणी शाबीत झाली; धमकी झाली नाही. मुलाने स्वतःच आपल्याला नीट वागवल्याचे सांगितले होते. जन्मठेप रद्द होऊन साध्या अपहरणाची सात वर्षे उरली. यावर न्यायालयाला दोष देणे सोपे आहे. पण धमकीचा फोन नोंदवून घेणे आणि तो आवाज आरोपीचाच हे दाखवणे न्यायाधीशाचे काम नव्हे. आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो, हे २०१९ सालीच ठरलेले आहे.

कटाची गोष्ट याहून नाजूक. कट कोणी कागदावर करीत नाही. म्हणून परिस्थितीजन्य पुराव्यावर तो सिद्ध करण्यास कायदा मुभा देतो. कट चालू असताना एकाने त्यासंबंधी केलेले बोलणे दुसऱ्याविरुद्धही वापरता येते. मात्र कट संपल्यावर काढलेले उद्गार असे वापरता येत नाहीत, हे प्रिव्ही कौन्सिलने १९४० सालीच सांगितले. महाराष्ट्राने १९९९च्या 'मोक्का'त वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब सहआरोपीविरुद्धही ग्राह्य ठरवून वेगळी वाट काढली. जेथे पुरावा शोधायचा तेथे कबुली मिळवायची, अशी सवय त्यातून लागते.

या जाळ्यात सापडतो कोण? योजना आखणारा पडद्याआड राहतो. गाडी चालवणारा, खोली भाड्याने देणारा, डबा पोचवणारा मात्र पहिल्या आठवड्यात हाती येतो. त्याला सारे ठाऊक होते की नाही, हाच खटल्याचा गाभा. दोन मोबाइलांवर वीस वेळा संभाषण झाले याची नोंद कंपनी देते. काय बोलले गेले ते ती नोंद सांगत नाही. शिवाय जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात २०२० साली स्पष्ट झाल्याप्रमाणे, मूळ यंत्र हजर केले नसेल तर अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. ते वेळेवर मागितले न जाणे हे नेहमीचे दुखणे. तोवर गरीब आरोपी कच्च्या कैदेत वर्षे काढतो.

डाव्या चळवळीला हा शब्द परका नाही. मीरतच्या खटल्यात १९२९ साली मुंबईचे कामगार पुढारी कटवाले ठरले ते पत्रे, भाषणे आणि पुस्तके यांच्या आधारे. खंडणीखोर आणि कामगार पुढारी यांची तुलना अर्थातच होऊ शकत नाही. आरोपाचा सैलपणा मात्र तोच आहे.

आणि अपहृताच्या घरच्यांचे काय? पोलिसांवर विश्वास नसल्याने अनेक कुटुंबे गुपचूप पैसे देतात. नोटांचे क्रमांक टिपले जात नाहीत, ओळखपरेड लांबते, पंच ठरावीक असतात. नव्या प्रक्रिया संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले, हे चांगले झाले. परंतु तपास आणि बंदोबस्त यांची यंत्रणा वेगळी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली बजावले, त्याचे काय झाले, हे प्रत्येक जिल्ह्यात विचारले पाहिजे. मंत्र्याच्या दौऱ्यासाठी तपास अधिकारी हलवला जात असेल, तर अपहृत मुलाच्या बापाने आणि कोठडीतल्या चालकानेही दाद मागायची ती कोणाकडे, याचे उत्तर गृहखात्याने द्यावे.