आंतरजालावरील लेखन आणि 'आदरणीयते'चा निकष

आंतरजालावरील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा बहुधा विधिज्ञांवर सोपवली जाते. साहित्याच्या अभ्यासकांना ती आपल्या क्षेत्राबाहेरची वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली अवघ्या ५१ दिवसांच्या अंतराने दिलेले दोन निकाल शेजारी ठेवून वाचले, तर ही समजूत टिकत नाही.

पहिला निकाल २४ मार्चचा, श्रेया सिंघल खटल्यातील. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६६-अ 'अत्यंत आक्षेपार्ह' संदेशाबद्दल तीन वर्षांपर्यंत कारावास सांगत होते. बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये, मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी तरुणी आणि तो मजकूर पसंत करणारी तिची मैत्रीण या दोघींना पालघर येथे अटक झाली, तेव्हा या मोघम शब्दाची व्याप्ती ध्यानात आली. चर्चा, प्रतिपादन आणि चिथावणी यांत भेद करून न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले.

दुसरा निकाल १४ मेचा. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ साली बँक-कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खेद व्यक्त करणाऱ्या प्रकाशकाची व मुद्रकाची न्यायालयाने सुटका केली. कवीला दोषी ठरविले नाही. पण त्याने कलम २९२ खालील खटल्यास सामोरे जावे, असे म्हटले. इतिहासात आदरणीय ठरलेल्या व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले असता समकालीन समाजाचा निकष अधिक कठोरपणे लागू होतो, हे त्यामागील सूत्र होय.

दोन्ही खटल्यांचे विषय भिन्न आहेत, हा आक्षेप रास्त आहे. सभ्यता व नीतिमत्ता यांसाठी वाजवी निर्बंध घालण्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) ची अनुमती आहे. तथापि 'आक्षेपार्ह' हा शब्द मोघम असेल, तर 'आदरणीय' हा शब्द नेमका कसा? आदराचे मोजमाप कोणी करावयाचे? कवितेतील गांधी ही व्यक्ती, प्रतीक की समाजाच्या दांभिकतेसमोर धरलेला आरसा, हे ठरविल्याखेरीज त्या शब्दांचा अर्थच लागत नाही. आणि हे ठरविणे मूलतः समीक्षेचे काम आहे.

हा प्रश्न आता केवळ छापील कवितेपुरता उरलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकुराचा स्पष्ट उल्लेख आहे. लघुनियतकालिकातील कवी आणि ब्लॉगवर लिहिणारा नवखा लेखक एकाच निकषाखाली आले आहेत. संपादक, प्रकाशक वा समीक्षक यांपैकी कोणीही पाठीशी नसल्याने दुसऱ्याची स्थिती अधिक नाजूक आहे.

कलम रद्द झाल्याने सवय रद्द होत नाही. ६६-अ खाली त्यानंतरही गुन्हे नोंदविले जात राहिले आणि २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, उपरोध म्हणजे निंदा नव्हे, हे मराठी विभागांत पहिल्याच वर्षी शिकविले जाते. वादग्रस्त संहितेविषयी तेच जाहीरपणे मांडण्याची वेळ येते तेव्हा मात्र हे विभाग मौन पाळतात. ते मौन सुटत नाही तोवर 'समकालीन समाजाचा निकष' दुखावलेल्यांच्याच आवाजात ऐकू येत राहील.