ठणका थांबला आणि सूज वाढली, तर घरी थांबू नका



दाढ दुखायला लागली की आपण सगळे ठरलेल्या वाटेनेच जातो. आधी लवंग, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग मेडिकलमधून आणलेली गोळी. गोळीने ठणका थांबला की दवाखान्याचा विषय तिथेच संपतो. कळा असह्य झाल्या तर मात्र रात्री दोन वाजताही डॉक्टरांचं दार ठोठावायची आपली तयारी असते. म्हणजे धावपळ करायची की नाही, हे आपण दुखण्यावरून ठरवतो. तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवताना मला रोज दिसतं की हा हिशेब चुकतो. त्यापायी वाचण्यासारखे दात जातात आणि कधीकधी जीवावर बेततं. म्हणून हे आवाहन.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी मनाशी पक्की करावी : दुखणं किती आहे याआधी सूज, ताप, रक्त आणि श्वास यांच्याकडे पाहा.

ठणका थांबतो तेव्हा आत काय चाललेलं असतं

दाताच्या आत मऊ गर असतो आणि त्यात नसा व रक्तवाहिन्या असतात. कीड तिथपर्यंत पोचली की गर सुजतो, पण चहूबाजूंनी कठीण दात असल्यामुळे त्याला फुगायला जागा नसते. आडवं पडलं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री ठणका जास्त. काही दिवसांनी हा गर मरतो. नसच मेली की दुखणं थांबतं आणि माणसाला वाटतं, सुटलो. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरलेले असतात. तिथे पू साठतो आणि बाहेर पडायला वाट शोधतो. हिरडीवर पुळी येऊन फुटली तर त्यातल्या त्यात बरं. तो गालात, डोळ्याखाली किंवा हनुवटीखाली शिरला, तर गाठ मोठ्या संकटाशी असते.

ऊसतोडीच्या हंगामात माझ्याकडे चाळिशीतले एक गृहस्थ आले होते. हनुवटीपासून डोक्यापर्यंत टॉवेल बांधलेला. तो सोडला तर हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी फुगून घट्ट झालेला, हाताला लाकडासारखा लागत होता. थुंकी गिळता येत नव्हती, ती ओठाच्या कडेने गळत होती. जीभ टाळूकडे उचलली गेल्यामुळे शब्द नीट उमटत नव्हते. मधुमेह होता, गोळ्या मध्येच सोडलेल्या. त्यांच्या पत्नीने सांगितलं, "आठ दिवसांपूर्वीच दाढ दुखायची थांबली होती, म्हणून आलो नाही." मी दाढेला हातही न लावता 108 ला फोन केला आणि त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवलं. तिथे श्वासाची सोय करून मानेतून पू काढला, दाढ काढली. ते वाचले. रात्रभर घरीच थांबले असते तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

या आजाराला लुडविग्ज अंजायना म्हणतात. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी 1836 साली त्याचं वर्णन केलं. बहुतेक वेळा त्याची सुरुवात खालच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दाढेपासून होते. या दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या बाजूला इतकी खोल असतात की तिथला पू थेट हनुवटीखालच्या पोकळीत उतरतो, जीभ वर आणि मागे ढकलतो आणि श्वासाची वाट अडवतो. अँटिबायोटिक नव्हती त्या काळात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आज वेळेवर पोचलेला माणूस बहुधा वाचतो. भर 'वेळेवर' या शब्दावर आहे.

एक मिनिटही न दवडता मोठ्या रुग्णालयात जा

पुढचं काहीही दिसलं तर दातांच्या दवाखान्याची वेळ पाहू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

- श्वास घ्यायला त्रास, थुंकी गिळता न येणं, जीभ वर उचलली जाणं, आवाज बदलणं.
- हनुवटीखाली किंवा मानेवर पसरणारी सूज. सूज चढून डोळा मिटत जाणं.
- तोंडाच्या सुजेबरोबर थंडी वाजून ताप, ग्लानी किंवा बडबड.
- गाडीवरून पडून जबड्याला मार लागणं, दात एकमेकांवर नीट न बसणं. मार लागल्यावर उलटी, बेशुद्धी किंवा कानातून रक्त. अशा वेळी दात नंतर, डोकं आधी.
- जांभई देताना जबडा निसटून तोंड उघडंच राहणं.
- खालच्या जबड्यात अचानक दुखणं, आणि सोबत छातीत जडपणा, घाम किंवा धाप. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. आधी ईसीजी काढा, दाढ नंतर पाहू.

श्वासाला त्रास होणाऱ्या रुग्णाला आडवं झोपवू नका. त्याला बसूनच श्वास घेणं सोपं जातं. मानेला मार लागल्याची शंका असेल तर मात्र हलवाहलव न करता 108 ची वाट पाहा.

दात मुळासकट निखळला तर

कबड्डी, क्रिकेट, सायकल, दहीहंडीचा थर : मुलांचे पुढचे दात पडण्याचे प्रसंग आपल्याकडे वर्षभर येतात. असा दात बहुतेक जण कागदात किंवा रुमालात गुंडाळून आणतात आणि तिथेच तो हातचा जातो. मुळावर नाजूक पेशींचा थर असतो. तोच दाताला हाडाशी जोडतो. तो कोरडा पडला की अर्ध्या ते एका तासात पेशी मरतात. साध्या पाण्यात ठेवला तर त्या फुगून फुटतात. दुधातल्या क्षारांमुळे त्या काही तास टिकतात.

म्हणून इतकंच करा. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने अलगद धुवा. दोन्ही नसेल तर नळाखाली दहा सेकंद धरा, पण घासू नका, पुसू नका. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दाताची बाजू नीट पाहून तो होता त्याच जागी हलक्या हाताने बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. बसवायची हिंमत होत नसेल तर चहाच्या टपरीवरून कपभर थंड दूध घ्या, त्यात दात टाका आणि निघा. अर्ध्या तासात पोचलात तर दात जगण्याची शक्यता सगळ्यात जास्त. उशीर झाला तरी दात घेऊन या, फेकू नका. आम्ही तो शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या.

हे सगळं कायमच्या दातांसाठी आहे. दुधाचा दात पुन्हा बसवायचा नसतो. तसं केल्याने खालून येणाऱ्या दाताला इजा होऊ शकते. तरी मुलाला दाखवायला आणाच. दाताचा तुकडा पडला असेल तर तोही दुधात घालून आणा. पुष्कळदा तो परत चिकटवता येतो.

रक्त थांबत नसेल तर

दाढ काढल्यावर थुंकीत थोडं रक्त दिसणं साहजिक आहे. जास्त येत असेल तर ताठ बसा, स्वच्छ कापडाची घट्ट घडी जखमेवर ठेवून दातांनी दाबून धरा आणि पूर्ण अर्धा तास उघडून पाहू नका. सारखं थुंकू नका, चुळा भरू नका. त्याने साकळलेलं रक्त निघून जातं आणि जखम पुन्हा वाहते. अर्ध्या तासानंतरही रक्त वाहतच असेल तर लगेच रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, यकृताचा आजार असेल किंवा डेंग्यूचा ताप असेल, तर तेवढंही थांबू नका. गोळ्यांचं दाढ काढण्याआधीच सांगा, पण आपल्या मनाने त्या बंद करू नका.

त्याच दिवशी दाखवा

गाल सुजलाय पण श्वास-गिळणं ठीक आहे. हिरडीतून पू येतोय. अक्कलदाढेपाशी सूज येऊन तोंड दोन बोटंही उघडत नाही. दुखण्याने झोप उडाली आहे. दाढ काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उलट वाढलं आहे : या तक्रारी त्याच दिवशीच्या आहेत. मधुमेह, किडनीचा विकार, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेल्यांनी तर आणखी लवकर यावं. 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती जबडे आणि डोळे घेतले, ते आपण पाहिलं. अनेकांच्या बाबतीत सुरुवात वरच्या दाढा हलण्यापासून आणि गाल बधिर होण्यापासून झाली होती.

कॅप निघाली, सिमेंट पडलं, दुखत नाहीये, तर दोन-चार दिवसांत आलात तरी चालेल. कॅप डबीत घालून आणा, फेविक्विकने चिकटवू नका. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, किंवा तंबाखू-गुटख्याने तोंड उघडणं कमी होत चाललंय, तर दुखत नसलं तरी आठवड्याच्या आत दाखवा. कर्करोग सुरुवातीला दुखत नाही.

कृपया हे करू नका

सुजलेल्या गालाला गरम शेक देऊ नका. बाहेरून थंड पट्टी किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. हिरडीवर ॲस्पिरिन, बाम, तंबाखू किंवा मिश्री दाबून ठेवू नका. आतली कातडी भाजते. रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन पडलेले म्हणून दाखवले जाणारे किडे दाढेतले नसतात. दाढ किडते ती जंतूंनी साखरेपासून बनवलेल्या आम्लामुळे. वरची दाढ काढली की नजर जाते, हाही गैरसमज आहे. डोळ्याची नस वेगळी आहे. उलट सडकी दाढ तशीच ठेवली तर तिचा पू डोळ्याकडे जाऊ शकतो.

गोळ्यांचंही असंच. अँटिबायोटिकने संसर्ग आटोक्यात येतो, पण दाढेतलं मूळ कारण तसंच राहतं. रूट कॅनाल करून, पू काढून किंवा दाढ काढूनच ते संपतं. दुकानातून सुट्या मिळणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असेल तर सूज दोन दिवस दबते आणि संसर्ग आत पसरत राहतो. पॅरासिटामॉल प्रौढ माणसानेही चोवीस तासांत 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपेक्षा जास्त घेऊ नये. दारू घेणाऱ्यांची आणि यकृताचा आजार असलेल्यांची मर्यादा त्याहून कमी आहे. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन टाळा. मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

कुठे जायचं

दिवसा जवळच्या नोंदणीकृत दंतवैद्याकडे किंवा उपजिल्हा, जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात जा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे उपचार कमी खर्चात होतात. रात्री दंतवैद्य मिळाला नाही म्हणून परत फिरू नका. श्वास, रक्तस्राव आणि शिरेतून द्यायची औषधं हे काम अपघात विभागातले डॉक्टर करतात. दाढेचं सकाळी पाहता येतं.

माझी विनंती

शाळांना : क्रीडाशिक्षकांना निखळलेल्या दाताचं काय करायचं ते शिकवा, प्रथमोपचार पेटीत सलाइनची बाटली ठेवा. गोविंदा पथकांना आणि मंडळांना : लहान मुलांना थरावर चढवू नका. औषध दुकानदारांना : चेहरा सुजलेला माणूस समोर आला तर गोळी न देता त्याला दवाखान्यात पाठवा.

आणि घरोघरच्या कर्त्या मंडळींना : घरातली बाई आपलं दुखणं सर्वांत शेवटी सांगते, म्हातारी माणसं खर्चाच्या भीतीने सांगतच नाहीत. त्यांनी एका बाजूने जेवायला सुरुवात केली, गाल झाकून घेतला, तर आपण होऊन विचारा. गरोदर बाईलाही "आता दाताला हात नको" म्हणून थांबवू नका. दाताचा संसर्ग झाला असेल तर उपचार कोणत्याही महिन्यात करावेच लागतात आणि ते सुरक्षितपणे करता येतात. फक्त दिवस गेल्याचं डॉक्टरांना सांगा.

आज रात्री जेवणानंतर घरातल्या प्रत्येकाला विचारा, कुणाची दाढ दुखून थांबली आहे का. असेल, तर उद्याच तिला दवाखाना दाखवा.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक दंतवैद्य